कुरणात घोडा हाती लावणे

मोकळ्या कुरणात माणूस जवळ येताच हुलकावणी देऊन पळणारा घोडा जागीच उभा राहून मोरकी (धरण्यासाठी तोंडावर चढवायचा दोरीचा किंवा पट्ट्यांचा साज) चढवू देईल, अशी त्याला सवय लावण्याचे हे शिक्षण आहे. अशा घोड्याला हट्टी किंवा लबाड म्हणण्याची रीत असली, तरी दोष बहुधा त्याच्या अनुभवात असतो. धरले की खोगीर चढते, राबावे लागते आणि सोबती व चारा दोन्ही सुटतात, एवढे त्याच्या ध्यानात राहिलेले असते. खोगीर टोचणे, पाठ किंवा खूर दुखणे हेही कारण असू शकते. म्हणून आधी ते तपासणे इष्ट.

घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते. मात्र कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. त्यामुळे नजर न रोखता, तिरप्या वाटेने, खांद्याच्या रोखाने त्याच्याकडे जावे. पाठलाग केल्यास माणूस हरतोच, शिवाय पळाले की सुटका होते हा धडा घोड्याला पक्का होतो.

शिकवण्याचे मर्म माघार घेण्यात आहे. घोड्याने कान टवकारून पाहिले, मान वळवली किंवा तो क्षणभर थांबला, की माणसाने त्याच क्षणी थांबून एकदोन पावले मागे सरावे. थांबल्याने दडपण हटते, हे घोड्याला त्यातून उमगते. ही माघार उशिरा घेतली, तर घोडा पुन्हा चालू लागलेला असतो आणि नेमके त्याचेच बक्षीस त्याला मिळते. हात पोहोचला की प्रथम आयाळीच्या मुळाशी खाजवावे. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात आणि तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात, असे प्रयोगांत आढळले आहे. मग दोर मानेभोवती घ्यावा आणि शेवटी मोरकी चढवावी. सुरुवात लहान आवारात केलेली बरी. पुढे अनेकदा धरून, थोडी चंदी (घोड्याचा दाणा) देऊन किंवा खरारा करून (अंग घासून) लगेच सोडून द्यावे, म्हणजे धरणे आणि राबणे यांची सांगड सुटते.

चंदीची बादली कळपात नेल्यास इतर घोडे झोंबतात आणि लाथ बसण्याचा धोका असतो. मोरकी पाठीमागे लपवण्याची युक्ती फार दिवस चालत नाही. मोरकी घोड्याच्या तोंडावर कायम ठेवली, तर कुंपणात किंवा मागच्या खुरात अडकू शकते. ठेवायचीच झाल्यास ताण येताच तुटणारी असावी. ‘पायबंद घालणे’ हा वाक्प्रचार पायांना बांधायच्या ज्या दोरावरून आला, तो पायबंद घोड्याला लांब जाऊ देत नाही, पण माणसाजवळ उभे राहायला मात्र शिकवत नाही.