रात्रीच्या फोटोतले लाल-निळे ठिपके: हे येतात कुठून आन काढायची युक्ती कोणाची

2024 च्या जानेवारीत पेंचला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, तेव्हापासून आपल्याकडची पोरं ट्रायपॉड घेऊन आभाळाचे फोटो काढताना जास्त दिसतात, मस्त वाटते पाहून. पण एप्रिल-मेच्या फोटोत लाल, निळे, हिरवे ठिपके आले की म्हणतात सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) गेला. गेला नाही भाऊ, तापला.

गोष्ट 1969 ची आहे. अमेरिकेत बेल लॅब्समधे विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या सिलिकॉन चिपची, कल्पना मांडली, ते खरं तर मेमरीचा विचार करत होते, कॅमेऱ्याचा नाही, पण 2009 चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. सिलिकॉनवर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, सेन्सरवरचा एकेक बारीक चौकोन, म्हणजे पिक्सेल, ते गोळा करतो. अडचण अशी की उष्णतेनंही इलेक्ट्रॉन सुटतात आणि उजेडाचा कोणता, गरमीचा कोणता हे पिक्सेलला कळत नाही. साधारण दर 6 ते 8 अंशांना हा गरमीचा हिस्सा दुप्पट होतो, म्हणजे 25 अंशांवरचा सेन्सर 45 वर गेला की साधारण 6 ते 10 पट! ज्या पिक्सेलच्या सिलिकॉनमधेच खोट असते तो सगळ्यात आधी चमकतो, त्याला हॉट पिक्सेल म्हणतात. आणि ठिपका रंगीत काहून? तर कोडॅकच्या ब्राइस बेयरच्या 1976 च्या पेटंटपासून एकेका पिक्सेलवर लाल, हिरवा नाहीतर निळा फिल्टर असतो म्हणून.

यावर खरी मेहनत घेतली खगोलवाल्यांनी. 1976 मधेच अॅरिझोनातल्या माउंट बिगेलोवरनं सीसीडीनं ग्रहांचे फोटो काढले गेले. पुढं अंधुक दीर्घिकांसाठी तास तासभर एक्सपोजर लागायचं, मग सेन्सर लिक्विड नायट्रोजननं गार करायचे, आणि तरी जे उरायचं त्यासाठी डार्क फ्रेम: झाकण लावून तेवढ्याच वेळाचा, तेवढ्याच तापमानाचा काळा फोटो काढायचा आणि मूळ फोटोतून वजा करायचा. मला तर ही युक्ती फारच आवडते, चुकीचाच फोटो काढून चूक पकडायची. सेन्सरवरच्या धुळीच्या डागांसाठी दुसरी, फ्लॅट फ्रेम, एकसारख्या उजेडाचा फोटो काढून त्यानं मूळ फोटोला भागायचं, कापसाच्या सीझनमधे जिनिंगजवळ लेन्स बदलणाऱ्यानं ही शिकूनच घ्यावी.

जमिनीचे फोटो काढणारा आपला आयआरएस-1ए उपग्रह 17 मार्च 1988 ला गेला, त्याच्या कॅमेऱ्यातही सीसीडीची रांगच होती, त्यातला एक डिटेक्टर जरा वेगळा वागला तरी चित्रात लांब पट्टा उमटतो, म्हणून प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. नव्वदच्या दशकात एरिक फॉसम यांच्या सीमॉस या दुसऱ्या जातीच्या सेन्सरनं कॅमेरा स्वस्त झाला, फोनात आला, बरीच दुरुस्ती आता आतल्या आतच होते.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन म्हणजे हीच डार्क फ्रेम, म्हणून तर 30 सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून 30 सेकंद अडून बसतो. ते बंद ठेवून स्वतः डार्क काढणार असाल तर आपल्याकडं एक ध्यानात ठेवा, मे मधे रात्री नऊची हवा आणि पहाटे चारची हवा यात लय फरक पडतो, नऊचा डार्क चारच्या फोटोला चालत नाही, मधे मधे झाकण लावून नवीन काढत राहा.