जाड नळ्या सोडा, मागचं चाक बघा

शंभर किलोच्या आसपास वजनाचा माणूस सायकलच्या दुकानात शिरला की त्याच्यासमोर हमखास येते ती जाडजूड नळ्यांची, पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल. दिसायला दणकट! पण स्वाराच्या वजनाने फ्रेम मोडणं तसं विरळाच. कुरकुर सुरू होते ती मागच्या चाकापासून: तार तुटते, रिम आउट होते म्हणजे वेडीवाकडी फिरू लागते, एक्सल म्हणजे चाकाचा मधला दांडा वाकतो.

बसून पायडल मारताना एकूण भारापैकी साधारण 60 टक्के मागच्या चाकावर येतो. स्वार 105 किलोचा आणि सायकल 15 किलोची धरली, तर 120 पैकी सुमारे 72 किलो. हा भार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या तारा पेलतात. बारीक तार दाबली तर ती वाकणारच, तिला फक्त ओढ सोसते. म्हणून चाक बांधतानाच सगळ्या तारा खेचून ठेवतात. मागच्या चाकात चेनच्या बाजूची तार तर शंभरेक किलोच्या ओढीने ताणलेली असते. आपण बसलो की जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण उतरतो, बाकीच्यांचा जवळपास होता तेवढाच राहतो.

चाक फिरतं तशी प्रत्येक तारेची पाळी येते. चाकाचा घेर 2.1 मीटर धरा: किलोमीटरमागे जवळपास पावणेपाचशे वेळा ताण उतरतो आणि चढतो, हजार किलोमीटरला पावणेपाच लाख वेळा. लोखंडी तार हाताने खालीवर वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसाच हा धातूचा थकवा. तार बहुतेकदा हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, तिच्या वळणावर तुटते. आणि गंमत म्हणजे घट्ट ताणलेल्या तारेपेक्षा ढिलीला धोका जास्त. तिचा ताण दर फेरीला पार शून्यावर येतो आणि ते वळण हलत राहतं.

तारा जास्त असल्या की भार वाटला जातो. दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकात 40 तारा असत, पुढच्यात 32. तो हिशोब पक्का होता. आज मागे 36 तारा आणि दुहेरी भिंतीची रिम मिळाली तर उत्तम, 32 चालतील. वीस-चोवीस तारांची देखणी चाकं हलक्या स्वारांना लखलाभ.

एक्सलकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. स्वस्त गिअरवाल्या सायकलींत दातेरी चक्रांचा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला असतो, म्हणजे फ्रीव्हील. त्यात उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि तिथून बाहेरचा एक्सल आधाराविना भार घेतो, मग वाकतो. कॅसेट प्रकारच्या हबमध्ये ते बेअरिंग फ्रेमच्या जवळ असतं. मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट, हा एक प्रश्न दुकानात जरूर विचारा. दोन-तीन हजार जास्त गेले तरी माझ्या मते ते वसूल होतात.

टायर किमान 40 मिलिमीटर रुंद हवा. बारीक टायरमध्ये हवा कमी पडली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. रुंद टायर कमी दाबातही ते टाळतो, शिवाय धक्के गिळतो. त्यामुळे पुढच्या स्वस्त सस्पेन्शनची गरजच उरत नाही. त्यातली स्प्रिंग मध्यम वजनाच्या माणसासाठी असते, भारी स्वाराखाली ती दबूनच राहते. पुढचं चाक धरणारा साधा, ताठ चिमटा बरा.

सीटच्या बाबतीत मऊपणाला भुलू नका. आपण बसतो ते कमरेच्या सांगाड्याच्या खालच्या दोन हाडांवर. त्यांच्यातलं अंतर हाडांच्या ठेवणीवर असतं, वजनावर नाही. फार मऊ गादीत ही हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. हाडांना पुरेल इतकी रुंद, थोडी कडकच सीट लांब पल्ल्याला सुखाची.

सपाट रस्त्यावर वेग वाढला की खरी झुंज वाऱ्याशी असते, तिथे वजनाचा फारसा जाच नाही. चढावर मात्र प्रत्येक किलो उचलावा लागतो. 5 टक्के चढ ताशी 6 किलोमीटरने चढायला 120 किलोला निव्वळ उचलण्यापुरतेच सुमारे 98 वॉट लागतात. म्हणून पायडलजवळचं सर्वात लहान दातेरी चक्र मागच्या सर्वात मोठ्या चक्रापेक्षा लहान असलेली सायकल घ्या.

कंपनीची वजनमर्यादा विचारताना ती फक्त स्वाराची की सायकल-सामानासकट, हेही विचारून घ्या. आणि नव्या चाकाच्या तारा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात. तेव्हा चांगल्या मेकॅनिककडून ताण तपासून आउट काढून घ्या, एखादी तार तुटायची वाट बघू नका.