मंद उजेड आणि मोठे छिद्र : रेंजफाइंडरवरील फास्ट लेन्सची पार्श्वभूमी

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच वर्षी जर्मनीतील ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स नावाचा छोटेखानी कॅमेरा बाजारात आणला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण तोवर दिवस मावळल्यावर सभामंडपातले काही टिपायचे, तर छायाचित्रकाराला मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका करावा लागे किंवा बसलेल्या माणसांना काही क्षण न हलण्याची विनंती करावी लागे. आहे त्या दिव्यांत, कोणाला न थांबवता, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने चित्र घ्यायचे ही कल्पना एर्मानॉक्समुळे व्यवहारात आली. बेळगावच्या शिवजयंतीची रात्रभर चालणारी चित्ररथ मिरवणूक किंवा कपिलेश्वर तलावावरचे गणेश विसर्जन आज जुन्या मॅन्युअल लेन्सने टिपणारे आपल्याकडचे छायाचित्रकार त्याच परंपरेत काम करतात. ती परंपरा कशी घडली हे माहीत असले, की या लेन्सचे गुण आणि हट्ट दोन्ही समजतात.

एर्मानॉक्सची ताकद होती लुडविग बर्टेले यांनी रचलेल्या एर्नोस्टार लेन्समध्ये. तिचे छिद्र, म्हणजे प्रकाश आत सोडणारी वाट, एफ/२ इतके मोठे होते. एफपुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि अशा मोठ्या छिद्राच्या लेन्सला फास्ट लेन्स म्हणतात. एरिक सॉलोमन यांनी १९२८ पासून न्यायालये आणि आंतरराष्ट्रीय परिषदांमधील राजकारण्यांची चित्रे याच कॅमेऱ्याने घेतली. मात्र त्यात फिल्मऐवजी काचेच्या प्लेट्स लागत. शिवाय ऐन क्षणी माणूस किती अंतरावर आहे हे बहुधा अदमासानेच ठरवावे लागे. मोठ्या छिद्राची किंमत तिथेच मोजावी लागते. ५० मिमी लेन्सने १ मीटरवरचा चेहरा टिपताना एफ/३.५ ला साधारण ८ सेंमी खोलीचा भाग स्पष्ट येतो, एफ/१.५ ला जेमतेम साडेतीन सेंमी. डोळा स्पष्ट असेल तर कान धूसर होतो, आणि अदमास तळहाताच्या रुंदीएवढा चुकला तरी चित्र वाया जाते.

हा प्रश्न सुटला तो रेंजफाइंडरमुळे, म्हणजे कॅमेऱ्यातच बसवलेल्या अंतर मोजण्याच्या यंत्रणेमुळे. ऑस्कर बार्नाक यांचा लायका १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत मेळ्यात लोकांसमोर आला, पण अंतर मोजण्याची यंत्रणा लेन्सशी जोडलेला लायका २ येण्यास १९३२ साल उजाडले, आणि त्याच वर्षी त्साइस आयकॉनने काँटॅक्स आणला. यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला काही अंतरावर दोन खिडक्या असतात, त्यांतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर पडतात, लेन्सची कडी फिरवली की तिच्या मागची धातूची कड आतल्या दांड्याला ढकलते आणि एक प्रतिमा सरकते. दोन्ही जुळल्या की अंतर जुळले. या दोन खिडक्यांमधील अंतर, म्हणजे पाया, जितका मोठा तितके मापन अचूक. लायका ३ मध्ये हा पाया सुमारे ३९ मिमी होता आणि प्रतिमा दीडपट मोठी दिसत असे. १९३६ च्या काँटॅक्स २ मध्ये तो सुमारे ९० मिमी होता आणि दृश्य व मापन एकाच खिडकीत आले होते. फास्ट लेन्सच्या चर्चेत काचेचे कौतुक फार होते, पायाचे होत नाही. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण छिद्र कितीही मोठे केले तरी अंतर ज्या अचूकतेने मोजता येईल तेवढाच त्या छिद्राचा उपयोग.

काँटॅक्ससाठी बर्टेले यांनीच, आता त्साइसमध्ये राहून, सोनार ही लेन्स घडवली. १९३२ मध्ये तिची ५० मिमी एफ/१.५ आवृत्ती आली. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून त्या काळी सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होत असे, आणि हा परतलेला प्रकाश आत भटकून चित्र फिके करत असे. बर्टेले यांनी सात काचा तीन गटांत एकमेकींना चिकटवून हवेला लागणारे पृष्ठभाग केवळ सहा ठेवले. लायकाची तोडीस तोड झेनॉन लेन्स १९३६ मध्ये आली. तिच्या सात काचा पाच गटांत होत्या, म्हणून असे पृष्ठभाग दहा झाले. लेपनाची सोय नसलेल्या काळात हा फरक दिवा समोर असताना ठळक दिसे. त्साइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला. तो दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झाला आणि अधिक गटांच्या रचनेची अडचण संपली. लायकाची १९५९ ची सुमिलक्स एफ/१.४ त्याच वाटेने आली.

सोनारचा एक हट्ट मात्र आजही सांभाळावा लागतो. छिद्र लहान करत गेले की तिचा फोकस थोडा मागे सरकतो. रेंजफाइंडर लेन्समधून पाहत नसल्याने त्याला हे कळतच नाही. खिडकीत प्रतिमा जुळलेल्या दिसतात आणि चित्रात डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्तीत हे चांगले अनुभवता येते. काळ्या दगडाच्या त्या मंडपात छताच्या कोरीव कमळाकडे लेन्स पूर्ण उघडून पाहिले तर अंतर बरोबर बसते. स्तंभावरचे बारीक काम हवे म्हणून एफ/२.८ वर आणले तर शरीर किंचित मागे झुकवून फोकस पुढे ओढावा लागतो. ही सवय पुस्तकातून येत नाही, एकाच लेन्सशी दीर्घकाळ राहून येते, आणि म्हणून लेन्स वारंवार न बदलण्याचा जुन्या माणसांचा आग्रह मला योग्य वाटतो.

युद्धानंतर स्पर्धेचे केंद्र जपानकडे सरकले. १९५० मध्ये कोरियातील युद्ध टिपणाऱ्या डेव्हिड डग्लस डंकन यांच्या चित्रांमुळे निकॉनच्या निक्कोर लेन्सचा बोलबाला झाला. त्यानंतर झुनो एफ/१.१, निक्कोर एफ/१.१, कॅननची एफ/१.२ अशी चढाओढ लागली आणि १९६१ मध्ये कॅनन ७ सोबत एफ/०.९५ लेन्स आली. लायकाने १९६६ मध्ये नॉक्टिलक्स एफ/१.२ आणि १९७६ मध्ये वॉल्टर मँडलर यांची एफ/१ आणली. १९५४ च्या लायका एम३ मध्ये पाया सुमारे ६९ मिमी आणि दृश्य जवळजवळ डोळ्याला दिसते तेवढे मोठे, ०.९१ पट होते, एफ/१.४ साठी ती यंत्रणा उत्तम आहे. एफ/१ ला मात्र १ मीटरवर स्पष्टतेची खोली सव्वादोन सेंमीच्या आसपास येते आणि यंत्रणेतील बारीकशी ढिलाईही चित्रात उतरते. या शर्यतीचा शेवटचा टप्पा मला गरजेपेक्षा प्रतिष्ठेचा वाटतो. तोवर फिल्मही संवेदनशील झाली होती. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ पासून ३५ मिमीमध्ये मिळत होती.

१९५९ चा निकॉन एफ आल्यावर लेन्समधूनच पाहणाऱ्या कॅमेऱ्यांनी वृत्तछायाचित्रण काबीज केले. रेंजफाइंडर मागे पडला. भारतात आयातीवर कडक बंधने होती, परदेशी कॅमेरे महाग पडत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म हा देशी आधार होता.

पुनरागमन १९९९ मध्ये झाले. जपानच्या कोसिनाने फोक्टलेंडर नावाखाली बेसा कॅमेरे आणि नव्या नॉक्टन लेन्स काढल्या. २००४ च्या एप्सन आर-डी१ ने रेंजफाइंडर डिजिटल झाला, २००९ च्या लायका एम९ मध्ये ३५ मिमी फिल्मएवढे सेन्सर बसले. आट्यांनी बसणाऱ्या जुन्या स्क्रू माउंटच्या लेन्स एका पातळ कडीने लायकाच्या नंतरच्या एम माउंटवर बसतात, त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीची लेन्स आजही चालते. मात्र फिल्मच्या छोट्या छापील चित्रात खपून जाणारी चूक पडद्यावर मोठी करून पाहताना लपत नाही. सोव्हिएत ज्युपिटर-३ ही सोनारचीच वंशज लेन्स लायकावर लावली, तर तिचा फोकस सरकण्याचे प्रमाण काँटॅक्सच्या परंपरेतले असल्याने दूरचे बरोबर आणि जवळचे चुकलेले येते, आणि ती कारागिराकडून जुळवून घ्यावी लागते.

आपल्या भागात आणखी एक काळजी आहे. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडे, पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओली असते, आणि सोनारसारख्या चिकटवलेल्या काचांच्या लेन्सला बुरशी लागली किंवा काचांमधला डिंक सुटू लागला तर दुरुस्ती कठीण होते. म्हणून जुनी लेन्स घेताना ती टॉर्चच्या उजेडात तिरकी धरून आत बुरशीची जाळी आहे का ते तपासावे. जूनपासून ती चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी, आणि अधूनमधून काढून वापरावी.