काठीचे काय करायचे? शाहू स्टेडियमवरच्या झेंड्यांची पार्श्वभूमी

फुटबॉलचा मोसम तोंडावर आला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये दोन प्रश्न फिरू लागतात. यंदा बाहेरचे खेळाडू कोणत्या तालमीच्या संघाने कोणते आणले, आणि झेंडे काठीसकट आत सोडणार का? पहिल्याचे उत्तर नोंदणी झाली की कळते. दुसऱ्याचे सामन्याच्या दिवशी स्टेडियमच्या दारातच कळते, आणि तेही प्रत्येक सामन्याला सारखेच असेल असे नाही.

तालमींचे फुटबॉल संघ कसे झाले हे इथल्या वाचकाला सांगत बसत नाही. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) तालमींना बळ मिळाले, १९१२ मध्ये कुस्तीचे खासबाग मैदान उभे राहिले, पुढे त्याच तालमींतल्या पोरांच्या पायात चेंडू आला. गॅलरीतल्या झेंड्याचे मूळ मात्र मला तालमीपेक्षा जोतिबाच्या डोंगरावर दिसते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तिथे सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचतात. काठी एकाने तोलायची, बाकीच्यांनी चहूबाजूंनी दोर ताणून धरायचे. वाऱ्यात उंच कापड कसे सांभाळायचे हे या भागाला बाहेरून कोणी शिकवायला नको होते.

‘टिफो’ हा शब्द मोबाइलमुळे आला. गॅलरीभर कापड किंवा रंगीत कागद धरून चित्र उभे करणे, असा त्याचा आजचा अर्थ. शब्द इटालियन, मूळ अर्थ टायफस नावाचा ताप. आपल्याकडे बातमीत ‘फुटबॉलज्वर’ लिहितात, त्यातलाच प्रकार. ब्राझीलमधल्या प्रेक्षकांचे बघून क्रोएशियातल्या स्प्लिट शहरात ऑक्टोबर १९५० मध्ये समर्थकांनी संघटित गट काढला, साठच्या दशकाच्या अखेरीस इटलीत तसे गट फोफावले. कोलकात्यात आणि कोचीत आता हे नित्याचे आहे. कोल्हापुरात अजून ‘झेंडा करायचा’ असेच म्हणतात, आणि करणाऱ्याला ‘कार्यकर्ता’. स्वयंसेवक म्हटले तर लोक वेगळेच काही समजतात. भांडण झाले की मात्र दुसऱ्या दिवशी हाच कार्यकर्ता ‘समर्थक’ होतो, फारच झाले तर ‘हुल्लडबाज’.

आता काठी. ती नको म्हणण्यामागची कारणे खोटी नाहीत. पेठापेठांतली ईर्षा कधी हातघाईवर येते हे सगळ्यांना ठाऊक आहे, सामने मध्येच थांबवावे लागले आहेत, आणि अशा वेळी हातात वेळूची काठी असलेला माणूस नुसता झेंडेवाला राहत नाही. बाहेरच्या देशांतही हा प्रश्न दुर्घटनांनंतरच ऐरणीवर आला. ११ मे १९८५ ला इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये लाकडी स्टँड पेटून ५६ जण गेले, त्याच महिन्याच्या २९ तारखेला ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियमवर ३९. त्यानंतर युरोपात प्रेक्षकाच्या हातात काय आहे याची तपासणी कडक होत गेली. पण जर्मनीत आजही काठीचे झेंडे दिसतात, कारण तिथे काठीची लांबी ठरवून देतात आणि मोठ्या झेंड्यांची परवानगी आधी घ्यायला लावतात.

आपल्याकडे ठरवून काही दिलेले नसते, घोळ तिथेच आहे. ‘काठी नको’ म्हणजे बांबू नको, की वायरिंगचा पोकळ पाइपही नको? अर्धा इंची पाइप वाकतो, त्याने कोणाचे डोके फुटायचे नाही, म्हणून पोरांनी तो शोधून काढला. एका दारावर तो चालतो, पलीकडच्या दारावरचा म्हणतो, “पाइप बाहेर ठेव, झेंडा अंगावर घे.” पोरगा बिचारा झेंडा शालीसारखा पांघरून आत जातो आणि पाइप रस्त्याकडेच्या चहाच्या गाड्याखाली. सामना सुटल्यावर तिथे पाइपांचा ढीग असतो आणि कोणाचा कोणता यावरून नवी वादावादी. बंदोबस्ताच्या बैठकीत लांबी, जाडी आणि माल एका कागदावर लिहून द्यायला कितीसा वेळ लागतो? नियम कडक असेना, पण तो दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या मर्जीवर तरी नसावा.

काठी गेल्याने झेंडे कमी झाले नाहीत, वाढले ते आकाराने. हातातल्या पन्नास झेंड्यांऐवजी एकच मोठे कापड, डोक्यावरून सरकवायचे. ३० फूट बाय २० फुटांचा झेंडा घ्या. बाजारात कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंची, म्हणजे ३० फुटांचे सहा पट्टे लागतात. जवळपास ५५ मीटर कापड. ते दुहेरी शिलाईने जोडायचे, कडेला नेफा करून दोरी ओवायची. शिलाई एकेरी राहिली तर पहिल्याच ओढाताणीत कापड उभे फाटते. फ्लेक्स स्वस्त पडतो, छापूनही मिळतो, पण वारा आला की शिडासारखा फुगतो आणि खालच्यांचा जीव घुसमटतो.

२०२२ चा विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरात आला, तेव्हा गल्ल्या अर्जेंटिना-ब्राझीलच्या रंगांनी भरल्या. १८ डिसेंबरच्या रात्री अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टीवर हरवले. तेवढे कापड शिवून शिंप्यांचाही हात बसला आणि पोरांचाही. तिरंग्याच्या बाबतीत मात्र हात आवरावा लागतो. १९७१ च्या कायद्याने त्यावर काही लिहिणे हा अवमान ठरतो, आणि उत्साहात पेठेचे नाव घालायला निघालेला एखादा असतोच.

मोठे कापड संघ मैदानात उतरताना उघडतात आणि शिट्टी वाजायच्या आत गुंडाळतात, नाहीतर खाली बसलेले म्हातारे शिव्या घालतात. रात्री ते तालमीच्या माळ्यावर जाते. उंदीर बहुधा कडेचा पट्टा खातात, तेवढा पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून बदलतात. म्हणून जुन्या झेंड्यांच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद दिसतात.