जुनी हॅट, पारा आणि गंधक

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी ऊन चढायच्या आत पोचलं, तर चार गोष्टी बऱ्या मिळतात. अशाच एका रविवारी कुलपं, ग्रामोफोनचे भोंगे आणि काटे नसलेली घड्याळं यांच्या ढिगात एक तपकिरी हॅट दिसली. "घ्या साहेब, बिलायती माल आहे," विक्रेता म्हणाला, आणि खात्री पटवायला त्यानं ती मुठीत चुरगाळून सोडून दिली. झोपेतून उठलेल्या मांजरानं आळोखेपिळोखे द्यावेत तशी ती सावकाश उलगडत पुन्हा पहिल्यासारखी झाली. ३५० रुपयांना सौदा ठरला.

घरी आणून उलटी करून पाहिली. अस्तरावरची सोनेरी अक्षरं पार पुसलेली. कपाळाला टेकणारी आतली चामड्याची पट्टी उलटवली, तर मागे नखाएवढी कागदी चिठ्ठी होती: ७ १/८. हा नंबर कसा काढतात ते कळल्यावर मजा वाटली. डोक्याचा घेर इंचात मोजायचा आणि त्याला पायनं भागायचं. शाळेत शिकलेला तोच ३.१४. म्हणजे डोकं अगदी गोल आहे असं धरून त्याचा व्यास काढायचा. हा झाला अमेरिकी हिशेब. इंग्लंडमध्ये त्याच डोक्याला एक-अष्टमांश कमी नंबर देतात. माझ्या हॅटचा आतला घेर टेपनं ५७ सेंटिमीटर भरला. इंग्लिश ७ १/८ असती तर तो ५८ च्या आसपास यायला हवा होता. तेव्हा माल बिलायती नसावा, अमेरिकी असावा. जुन्या हॅट जमवणाऱ्यांची निम्मी करमणूक ह्या पट्टीमागेच चालते. तिथं कधी कामगार संघटनेचं लेबलही सापडतं. अमेरिकेतल्या टोपी कामगारांच्या दोन संघटना १९३४ मध्ये एक झाल्या आणि लेबलावरचं नाव बदललं. त्यामुळे लेबल शाबूत असेल, तर हॅट त्या सालाच्या अलीकडची की पलीकडची हे लगेच सांगता येतं. माझ्या हॅटचं लेबल कुणीतरी केव्हाच खरवडून टाकलं होतं.

आपल्याकडे फेल्ट हॅट म्हटली की भगतसिंगांचा तो फोटो आठवतो, १९२९ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळ स्टुडिओत काढलेला. शाळेच्या भिंतीपासून रिक्षाच्या मागच्या काचेपर्यंत तो इतक्या ठिकाणी पाहिलाय, की ती हॅट नेमकी कशाची असते हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

भिंग घेऊन बसलो तेव्हा पडला. कापड असेल तर उभा-आडवा धागा दिसायला हवा. इथं धागाच नाही. कड तिरपी धरून कितीही न्याहाळली तरी नुसते बारीक केस, एकमेकांत गुंतलेले, दिशा नसलेले. हा विणलेला पदार्थच नव्हे, हा नमदा, म्हणजेच फेल्ट. सूत नाही, माग नाही. केसांचा गुंता मुद्दाम वाढवत नेऊन केलेली वस्तू. आपल्याकडचं जेन असंच लोकर दाबून, मळून तयार होतं. शेजारची घोंगडी मात्र मागावर विणलेली.

गुंता होतो कसा? केस वरून गुळगुळीत दिसला तरी त्याच्यावर खवले असतात, माशासारखे एकावर एक, आणि सगळ्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे. त्यामुळे केस मुळाच्या दिशेनं सहज सरकतो, उलट सरकताना अडतो. ओल्या, गरम केसांच्या ढिगाला घासत, दाबत राहिलं, की प्रत्येक केस मुळाच्या बाजूनं थोडा पुढं जातो आणि तिथंच अडकतो. परतीची वाट नाही. लोकरी स्वेटर चुकून वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात गेला की दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, तो ह्याचमुळे. डोक्यात जट होते तीही अशीच: खवल्यांचे केस, ओल, घर्षण आणि कंगव्याची गैरहजेरी. जटेत देवी शोधणाऱ्यांना अंनिसचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हेच समजावत आलेत. देवीचा कोप आणि साहेबाची हॅट, दोहोंमागे खवला एकच.

चांगल्या हॅटला मात्र मेंढीची लोकर चालत नाही. लोकरीची फेल्ट हॅट स्वस्त, हाताला राठ आणि पावसात आक्रसणारी. उत्तम हॅट व्हायची ती बीव्हर, ससा नाही तर रानससा यांच्या आतल्या मऊ लवेची. बीव्हर म्हणजे नदीवर लाकडांचे बांध घालणारा मोठा कृंतक प्राणी. त्याच्या अंगावर दोन थर असतात: वर राठ लांब केस आणि खाली दाट, अतिबारीक लव. हॅटला हवी फक्त लव. राठ केस काढणं किचकट काम. म्हणून सतराव्या शतकातल्या फ्रेंच व्यापाऱ्यांना कोऱ्या कातड्यापेक्षा वापरलेलं कातडं जास्त प्रिय होतं. कॅनडातले मूळ रहिवासी बीव्हरच्या कातड्यांची पांघरुणं केसांची बाजू आत करून वापरत. दोन-एक हिवाळे अंगाला घासून राठ केस आपोआप गळत आणि मागे राहिलेली लव घामा-तेलानं मऊसूत होई. म्हणजे पॅरिसचा उमराव ज्या हॅटचा तोरा मिरवायचा, तिची पहिली प्रक्रिया कुणाच्या तरी घामानं झालेली असायची. ह्याच लवेच्या व्यापारासाठी १६७० मध्ये हडसन बे कंपनीला इंग्लंडच्या राजानं सनद दिली. युरोपातला बीव्हर मात्र कातडं, मांस आणि औषधी स्रावासाठीच्या शिकारीत विसाव्या शतकाच्या तोंडाशी जेमतेम १,२०० वर आला होता.

बीव्हर महागला तसा ससा आला, आणि इथं रसायनशास्त्र घुसलं. सशाची लव सरळसोट, नुसती घासून नीट गुंतत नाही. तिला आधी बिघडवावी लागते. नायट्रिक आम्लात पारा विरघळवून केलेल्या द्रावणाचा हात कातड्यावरच्या केसांवरून फिरवत आणि कातडी भट्टीत वाळवत. केसांची टोकं गाजरासारखी नारिंगी होत, म्हणून कारागीर ह्या कामाला 'गाजर चढवणं' अशा अर्थाचा शब्द वापरत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लानं ज्यांची बोटं पिवळी झाली असतील, त्यांना ह्या रंगाचं नवल वाटणार नाही.

ह्या द्रावणानं केसाच्या आत काय व्हायचं? केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो. केराटिनच्या लांब साखळ्या एकमेकींना धरून असतात त्या गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या पुलांनी. लोकरीत वजनानं तीन-चार टक्के गंधक असतो. केस जळल्यावर येणाऱ्या त्या वासात त्याचा मोठा वाटा. पार्लरमध्ये केस कायमचे सरळ किंवा कुरळे करतात तेव्हा हेच पूल तोडून नव्यानं जोडतात. नायट्रेटचं द्रावण टोकाकडचे पूल तोडायचं, टोक लुळं पडायचं, आणि ओलं झालं की केस वाकून वळवळत शेजाऱ्यात घुसायचा.

पारा आणि गंधक यांची जवळीक आपल्याला नवी नाही. रसशास्त्रातली कज्जली म्हणजे दोघांना एकत्र खलून केलेली काळी पूड, आणि हिंगुळ म्हणजे दोघांचंच खनिज. पाऱ्याला गंधक दिसला की तो त्याला बिलगतो. घोळ असा, की गंधक फक्त सशाच्या केसांत नसतो. तो टोपी करणाऱ्याच्या शरीरातल्या प्रथिनांतही असतो.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातलं डॅनबरी हे टोप्यांचं गाव. १८८७ च्या सुमारास तिथल्या तीसेक कारखान्यांतून वर्षाला ५० लाख हॅट निघत. तांब्याच्या, भोकं पाडलेल्या मोठ्या शंकूवर लव उडवायची, आतून हवा खेचून ती चिकटवायची, गरम पाण्याचा फवारा मारायचा. शंभर-सव्वाशे ग्रॅम लवेची ही शंक्वाकार पिशवी हॅटच्या दुप्पट-तिप्पट मोठी असते. मग गरम पाण्यात बुडवत, लाटत, पिळत ती मापावर आणायची. खोली वाफेनं भरलेली, थंडीत खिडक्या बंद, आणि प्रत्येक वाफाऱ्याबरोबर केसांतला पारा हवेत. पारा गिळला तर पोटातून फारसा शोषला जात नाही. वाफ श्वासातून आत गेली की बहुतेक शोषली जाते आणि मेंदूपर्यंत पोचते. आधी बोटं थरथरू लागतात, मग हात, मग सही करता येत नाही. हिरड्या सुजतात, लाळ गळते. स्वभाव बदलतो तो चमत्कारिक. माणूस वेडापिसा होतोच असं नाही, तो लाजरा होतो, कुणी बघत असलं की काम जमत नाही, आणि एकदम चिडतो. गावातले लोक ह्याला 'डॅनबरीची थरथर' म्हणत. १८६० मध्येच न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरानं टोपी कामगारांच्या ह्या पारा-विकारावर लेख लिहिला होता. पारा थांबला १९४१ मध्ये. कामगारांची तब्येत हे एक कारण. दुसरं असं, की युद्धात स्फोटकांच्या डिटोनेटरसाठी पारा हवा होता. ८१ वर्षं जे थरथरत्या हातांना जमलं नाही, त्याला शेवटी युद्धाचा हातभार लागला. डॅनबरीतून वाहणाऱ्या स्टिल नदीच्या गाळात तो पारा अजून सापडतो.

ताठ टोप्यांची गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या जवळची. लंडनच्या बाबूंच्या डोक्यावरची ती कडक गोल बोलर हॅट १८४९ मध्ये शिकारी रानांच्या राखणदारांसाठी तयार झाली, फांद्यांपासून डोकं वाचावं म्हणून. नमद्याला तो कडकपणा यायचा लाखेनं. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम ह्या झाडांवर राहणाऱ्या किड्यांचा स्राव. जगाला ती पुरवायची मुख्यतः छोटानागपूरच्या जंगलांनी. ज्या लाखेच्या बांगड्या होतात आणि जिच्या घरात पांडव जळायचे होते, तीच ही. लाख उष्णतेनं मऊ पडते, म्हणून कडक हॅट उन्हात बंद गाडीत विसरू नये. आणि जुनी झाली की ठिसूळ होते, म्हणून बोलर चुरगाळून दाखवणाऱ्या विक्रेत्याला आधी थांबवावं.

शौकीन लोक छातीठोकपणे सांगतात, की १९४० च्या आधीच्या फेल्टसारखं फेल्ट आता होत नाही. मला हे अर्धंच पटतं. जुना नमदा बारीक, घट्ट आणि तरी लवचीक असतो हे हाताला कळतं. पण त्या काळी वाईट हॅटही खंडीनं झाल्या. त्या केव्हाच उकिरड्यावर गेल्या. आपल्यापर्यंत पोचली ती जपण्यासारखी वाटलेली हॅट, आणि तिच्यावरून सगळ्या जमान्याला आपण प्रमाणपत्र देतो. हॅटच्या आत दर्जा दाखवायला छापलेल्या 'एक्स'च्या फुल्यांनाही फार भुलू नये. जास्त फुल्या म्हणजे जास्त बीव्हर असा समज आहे, पण सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं असं काही माप नाही. त्यापेक्षा कड चिमटीत धरावी, बोटं फिरवावीत. चांगला नमदा साबराच्या कातड्यासारखा लागतो.

माझ्या हॅटच्या कडेला मोहरीएवढी तीन भोकं आहेत. कसर. ही भोकं पाडते ती कपड्यांवरच्या पतंगाची अळी. केराटिन पचवणारे जीव फार थोडे, कारण ते गंधकाचे पूल कुणाला तुटत नाहीत. ह्या अळीच्या आतड्यात मात्र ते तोडणारं रसायन तयार असतं. डॅनबरीच्या कारागिराला ज्यासाठी पारा लागला, ते अळी जेवता जेवता करते. उपाय सोपा: हॅट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची, आणि पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाही तर आत ओल धरते.

हे मला उशिरा कळलं. त्याआधी मी वेगळाच उद्योग केला होता. माथ्यावरची घडी बसवायला हॅट किटलीच्या वाफेवर धरली होती, स्वयंपाकघरात, खिडकी लावून. शौकीन सगळे असंच करतात. ओल्या मेंढीसारखा वास आला आणि घडी सुरेख बसली. नंतर वाचलं, की संग्रहालयांनी जुन्या हॅट क्ष-किरणांनी तपासल्या तेव्हा शंभर-शंभर वर्षांनंतरही नमद्यात पारा निघाला. गंधकाला धरून बसलेला. नुसत्या बघण्यानं तो ओळखू येत नाही. धोका खरा होता तो रोज दहा तास वाफेत उभं राहणाऱ्याला, एकदा घडी घालणाऱ्याला नव्हे. तरी आता जुनी हॅट वाफवायची तर गच्चीवर, आणि नंतर हात साबणानं धुवायचे, असा नियम केलाय. फ्रीजरचा बेत घरच्यांनी हाणून पाडला. पाऱ्याचं ऐकल्यावर मीही आग्रह धरला नाही.

मग आठवलं, सराफाकडे दागिन्याचा कस बघायला जे यंत्र असतं, तेही क्ष-किरणांच्याच तत्त्वावर चालतं. सोनं ७९ व्या क्रमांकाचं मूलद्रव्य, पारा ८० व्या, अगदी लागून. पिशवीत हॅट घेऊन आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"यात काय शोधायचंय?"

"पारा."

त्यांनी हॅट काउंटरवरून उचलून माझ्या हातात दिली. पारा लागला की सोनं पांढरं पडतं, हे त्यांना क्ष-किरणांशिवाय ठाऊक होतं.

"अहो, मग दुकानात कशाला आणलीत?"