प्लास्टर धरतं, लगदा वाळतो

बाजारातलं प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून वाटी तळहातावर धरून ठेवली, तर थोड्या वेळाने ती कोमट लागू लागते. त्याच वेळी आतलं मिश्रण घट्ट होत असतं. कॉर्नफ्लोअर किंवा मैद्याचा घरगुती लगदा मात्र एकदा गार झाला की कितीही वेळ हातात धरा, आपणहून तापत नाही. दोन्ही शेवटी कडक आणि पांढरी होतात, पण कडक होण्याची वाट अगदी वेगळी. ती वाट समजली की घरचा लगदा का तडकतो आणि त्याचा चुरा का होतो, हेही समजतं.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. जिप्समच्या स्फटिकात कॅल्शियम सल्फेटच्या जोडीला पाणी बांधलेलं असतं. ते सुमारे 150 अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं आणि मऊ पूड उरते. ही पूड पाण्यासाठी आसुसलेली असते. पाणी मिळताच जिप्समचे सुईसारखे स्फटिक पुन्हा वाढतात, एकमेकांत गुंततात आणि उष्णता बाहेर टाकतात. गेलेलं पाणीच परत येतं, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी 1765 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं होतं. 100 ग्रॅम पूड जवळपास 18.6 ग्रॅम पाणी असं पोटात घेते. सिमेंटप्रमाणे प्लास्टरही ‘धरतं’, आणि धरताना किंचित फुगतं. म्हणून साच्यातली बारीकशी रेघही त्यात उमटते.

या उष्णतेला हलक्यात घेऊ नका. जाड गोळ्यात तापमान 60 अंशांपर्यंत जाऊ शकतं. 2007 मध्ये इंग्लंडमधल्या एका शाळेत हाताचा ठसा घ्यायला एका विद्यार्थिनीने प्लास्टरच्या बादलीत हात घातला. ते घट्ट झालं आणि भाजल्यामुळे तिला बोटं गमवावी लागली. प्लास्टरमध्ये हात कधीही बुडवू नये. लहान मुलांबरोबर काम असेल तर मला घरचा लगदाच बरा वाटतो, तो यासाठी.

माझ्या पसंतीचं प्रमाण असं: दोन कप खाण्याचा सोडा, एक कप कॉर्नफ्लोअर, सव्वा कप पाणी. सगळं थंड असतानाच कालवा, गुठळ्या राहू देऊ नका आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. पहिली काही मिनिटं दुधासारखं पातळच दिसतं आणि काहीतरी चुकलं असं वाटू लागतं. मग तळाशी चमच्याला जरा अडकल्यासारखं होतं आणि बघता बघता सगळं मिश्रण दाटतं. 60 ते 70 अंशांच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची बंद रचना सैल होते आणि आतले लांब रेणू बाहेर येऊन एकमेकांत अडकतात. कपड्यांना घालायची खळ होते ती अशीच. भांड्याच्या कडा सोडून गोळा होऊ लागला की लगेच उतरवा.

मग एवढा सोडा कशाला? सोडा पाण्यात फारसा विरघळत नाही. 20 अंशांना लीटरभर पाण्यात जेमतेम 96 ग्रॅम. गरम पाण्यात थोडा जास्त, तरीही आपल्या मिश्रणात बहुतेक सोडा बारीक कणांच्या रूपातच राहतो. खळ हा चुना धरला तर सोडा ही वाळू. नुसती खळ वाळताना भयंकर आकसते. सोड्याचे न आकसणारे कण मधे ठाण मांडून बसतात आणि ते आकसणं आवरतात. ही भर बारीक आणि पांढरी असल्यामुळे पृष्ठभागही गुळगुळीत येतो. आच मात्र मोठी करू नये. जास्त तापला तर सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, लगद्यात बुडबुडे राहतात आणि मागे उरणारा धुण्याचा सोडा हाताला झोंबतो.

गोळा ओल्या फडक्याखाली गार करून मळा. तो साच्यात ओतण्याच्या कामाचा नाही. ठसे घ्यायला मात्र उत्तम. अर्ध्या सेंटिमीटरची पोळी लाटा, ठळक शिरांचं पान पालथं ठेवून वरून लाटणं फिरवा आणि देठ धरून अलगद सोलून काढा. शिरांची जाळी खोबणी होऊन राहते.

खरी परीक्षा वाळताना. बाहेरचा थर आधी वाळतो, आकसायला बघतो. आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत भेगा पडतात. म्हणून वस्तू पातळ ठेवा, ऊन आणि पंखा टाळा, जाळीवर ठेवून दर काही तासांनी उलटा. दोन दिवस तरी लागतात.

मैदा आणि मिठाचा लगदा शिजवावा लागत नाही, पण मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे दमट दिवसांत वस्तू पुन्हा मऊ पडते. त्यातलं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. घरात कुत्रा असेल तर वस्तू त्याच्या तोंडाला लागणार नाही अशीच ठेवा. सोड्याच्या लगद्यात पांढरा गोंद घातला तर वस्तू कमी ठिसूळ होते, कारण पाणी उडाल्यावर गोंदाचे थेंब जुळून सलग पापुद्रा तयार होतो. कोणताही लगदा असो, रंग आणि वॉर्निश दोन्ही बाजूंनी द्या. खळ वाळून घट्ट झालेली असते, ओल मिळाली की ती परत सुटायला तयारच.

वॉर्निश लावण्याआधी मात्र वस्तू पूर्ण वाळायला हवी, आणि ते डोळ्यांना कळत नाही. वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा, सहा तासांनी पुन्हा ठेवा. आकडा उतरत असेल तोवर पाणी अजून बाहेर पडतंय. तो थांबला की ब्रश हातात घ्या.