परतीची वाट: स्टॅटिक राउटची पार्श्वभूमी

वागळे इस्टेटमधला दोन मजली गाळा. खाली ऑफिस, वर पॅकिंग. वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून तिथे दुसरा वायफाय राउटर बसवलेला. खालच्या कॉम्प्युटरवरून वरचा लेबल प्रिंटर दिसावा म्हणून कोणीतरी त्या राउटरचं नॅट, म्हणजे मागच्या सगळ्या यंत्रांना एकाच पत्त्याआड ठेवणारी सोय, बंद करतं आणि वरच्या मजल्याचं इंटरनेटच जातं. मग राउटर बदलतात, केबल बदलतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बिघाड कशातच नसतो. निरोप बाहेर जातो, उत्तराला परतीची वाट माहीत नसते.

ही वाट आपण विसरलो त्याला इतिहास आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, यंत्रं शेजाऱ्यांशी माहितीची देवाणघेवाण करून आपल्या वाटा आपणच ठरवत. त्याच विचारातून आलेला रिप, म्हणजे वाटा ठरवायचा नियमसंच, १९८८ मध्ये मानक म्हणून नोंदला गेला: दर ३० सेकंदांनी राउटर आपला वाटांचा तक्ता शेजाऱ्यांना सांगतो, मात्र १५ टप्प्यांपर्यंतच. पण ज्या नेटवर्कला एकच दार, तिथे हा खटाटोप कशाला? तिथे वाट हाताने टाइप करत. हीच स्टॅटिक राउट.

मग इंटरनेटवर यंत्रांना द्यायचे पत्ते अपुरे पडू लागले. १९९४ मध्ये नॅटची कल्पना कागदावर आली, १९९६ मध्ये १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते आजच्या स्वरूपात पक्के झाले. नॅटमुळे मागचं अख्खं नेटवर्क बाहेरच्याला एकच यंत्र वाटतं, त्यामुळे मागच्या वाटा कोणाला सांगाव्याच लागत नाहीत. जानेवारी २००५ मध्ये भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त झाला. पुढे घरोघरी जे वायफाय राउटर आले त्यांत नॅट आधीच चालू असे. राउटचं पान मेनूत राहिलं, पण ते उघडायची वेळच येईना.

नॅट बंद केलं की ती वेळ येते. आणि नोंद खालच्या, मुख्य राउटरमध्ये करायची: नेटवर्क १९२.१६८.२.० (वरच्या मजल्याचं), मास्क २५५.२५५.२५५.० (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा), गेटवे १९२.१६८.१.५०. हा गेटवे म्हणजे वरच्या राउटरचा खालच्या बाजूचा पत्ता. सगळे चुकतात ते इथेच, त्याच राउटरचा वरच्या बाजूचा पत्ता १९२.१६८.२.१ टाकून. गेटवे नेहमी नोंद करणाऱ्या राउटरच्या आपल्याच नेटवर्कमधला हवा.

तो ५० नंबर खालच्या राउटरमध्ये राखूनही ठेवा. नाहीतर लाइट जाऊन आली की वरच्या राउटरला ५१ मिळतो, आणि नोंद ५० कडेच बोट दाखवत राहते.